अहवालातून वगळलेली जात: २००७ च्या जिनिव्हा सुनावणीचं प्रकरण

२३ फेब्रुवारी २००७ च्या शुक्रवारी जिनिव्हात भारत सरकारची सुनावणी सुरू झाली. सुनावणी घेणारी समिती संयुक्त राष्ट्रांची, वांशिक भेदभावाच्या निर्मूलनासाठी झालेल्या कराराची. करार १९६५ चा. भारताने तो १९६८ च्या डिसेंबरात मान्य केला. ज्या देशाने हा करार मान्य केला त्याने दर दोन वर्षांनी आपल्याकडची परिस्थिती लिहून द्यायची आणि समितीवरच्या अठरा स्वतंत्र तज्ज्ञांच्या प्रश्नांना समोर बसून उत्तरं द्यायची, असा शिरस्ता. भारताचे १९९८ पासूनचे अहवाल थकले होते. २००६ साली सरकारने पंधरावा ते एकोणिसावा असे पाच अहवाल एकत्र बांधून दिले.

त्या एकत्रित अहवालात अनुसूचित जातींच्या परिस्थितीचा हिशेब नव्हता. तो नजरचुकीने राहिला नव्हता. जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून जातीवरून होणारा भेदभाव या कराराच्या कक्षेत येतच नाही, अशी सरकारची लेखी भूमिका होती. २००१ च्या जनगणनेनुसार १६ कोटी ६६ लाख माणसं अनुसूचित जातींमध्ये मोडत होती. भेदभावाचा हिशेब देणाऱ्या कागदातून एवढा समाज बाजूला ठेवला गेला.

मार्चमध्ये समितीने आपली समारोपाची निरीक्षणं दिली, तेव्हा त्यांतला फार मोठा भाग जातीबद्दलच होता. सरकारने जो विषय कागदावर येऊ दिला नाही, तो समितीच्या कागदावर आला. हे घडवलं दलित संघटनांनी आणि त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या मानवाधिकार संस्थांनी. सुनावणीच्या दालनात त्यांना तोंड उघडायचा अधिकारही नव्हता. म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. आंतरराष्ट्रीय तपासणीत नागरी संघटनांचा सहभाग म्हणजे नेमकं काय काम असतं, ते इथे स्पष्ट दिसतं. त्या कामाची ताकद दिसते आणि ते कुठे अडतं, तेही दिसतं.

कराराचं पहिलं कलम

कराराच्या पहिल्या कलमात वांशिक भेदभावाची व्याख्या आहे. तिच्यात वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक उगम अशी कारणं मोजली आहेत. यातलं ‘कूळ’ हे कारण १९६५ साली भारताच्याच दुरुस्तीसूचनेमुळे व्याख्येत आलं. पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरला.

१९९६ साली भारताचा आधीचा अहवाल तपासला गेला, तेव्हा सरकारने त्यात लिहिलं होतं की जाती आणि जमाती या दोन्ही व्यवस्था कुळावर आधारलेल्या आहेत, कारण माणूस जातीत जन्माला येतो. पण करारातलं ‘कूळ’ मात्र वंशाच्याच अर्थाने घ्यायचं. समितीने ते मानलं नाही. कूळ म्हणजे फक्त वंश नव्हे, अनुसूचित जाती-जमातींची परिस्थिती या कराराच्या कक्षेत येते, असं तिने त्याच वर्षी लेखी कळवलं. दहा वर्षांनी आलेल्या नव्या अहवालात सरकार आणखी मागे सरकलं. जात ही वंशाच्या बरोबरीची नाही आणि कुळातही मोडत नाही, असं आता म्हणणं होतं. दोन्ही कागद सरकारचेच. ते शेजारी ठेवले की भूमिकेतली फट आपोआप दिसते. सरकारी अहवालाला उत्तर म्हणून संघटना समितीला आपला वेगळा अहवाल देतात; असा पर्यायी अहवाल लिहिणाऱ्यांनी पहिलं काम हेच केलं: सरकारचं जुनं म्हणणं सरकारच्या नव्या म्हणण्यासमोर मांडलं.

मधल्या काळात दोन मोठ्या गोष्टी घडल्या होत्या. २००१ च्या ऑगस्टअखेर दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. जातीचा उल्लेख अंतिम जाहीरनाम्यात येऊ नये यासाठी भारत सरकारने जोर लावला आणि तो उल्लेख आला नाही. पण त्याच परिषदेत आपल्याच राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली, वेगळा सूर लावला: भेदभावाला नाव काय द्यायचं यापेक्षा तो अजून टिकून आहे याकडे लक्ष द्यायला हवं. दरबानला शेकडो दलित कार्यकर्ते गेले होते. सरकारी जाहीरनाम्यात त्यांना जागा मिळाली नाही. पण जगभरच्या संस्थांना हा प्रश्न तोवर ठाऊक नव्हता, तो दरबाननंतर ठाऊक झाला. दुसरी गोष्ट २००२ च्या ऑगस्टमधली. समितीने आपली एकोणतिसावी सर्वसाधारण शिफारस, म्हणजे कराराचा अर्थ कसा लावायचा याचं मार्गदर्शन, स्वीकारली आणि कुळावरून होणाऱ्या भेदभावात जातीसारख्या सामाजिक उतरंडीतून येणारा भेदभावही येतो, असं स्वच्छ लिहिलं. जपानमधले बुराकुमिन, आफ्रिकेतल्या काही देशांतले जन्मावरून हीन ठरवलेले समाज, हे सगळे त्या कक्षेत आले. भारतीय दलितांचा प्रश्न एकट्याचा राहिला नाही.

ही शिफारस नसती तर २००७ ची सुनावणी दोन दिवस व्याख्येवर भांडण्यातच संपली असती, असं मला वाटतं. आधीच्या दहा वर्षांत कुणीतरी पायवाट पाडून ठेवली होती, म्हणून सुनावणीत थेट प्रश्नाकडे जाता आलं.

कागद कसा तयार झाला

१९९८ मध्ये ‘नॅशनल कॅम्पेन ऑन दलित ह्यूमन राइट्स’ ही मोहीम उभी राहिली. मार्टिन मॅकवान, रूथ मनोरमा, पॉल दिवाकर ही त्यातली ठळक नावं. निरनिराळ्या राज्यांतल्या संघटना आपापल्या तालुक्यात वर्षानुवर्षं जे नोंदवत होत्या, ते एका ठिकाणी यावं हा तिचा एक हेतू होता. २००० साली चेन्नईत राष्ट्रीय जनसुनावणी झाली. त्याच वर्षी ‘इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क’ युरोपात स्थापन झालं. २००७ च्या सुनावणीसाठी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातलं मानवाधिकार केंद्र आणि ह्यूमन राइट्स वॉच यांनी मिळून शंभराहून अधिक पानांचा पर्यायी अहवाल तयार केला. त्यातली माहिती मुख्यतः देशातल्या या संघटनांनी गोळा केलेली होती.

पर्यायी अहवाल हा सरकारी अहवालाच्या शेजारी ठेवून वाचायचा असतो. समितीचे सदस्य वेगवेगळ्या देशांतले. त्यातल्या बहुतेकांनी भारतातलं खेडं पाहिलेलं नसतं. दलितवस्ती गावकुसाबाहेर का, हे त्यांना पहिल्यापासून सांगावं लागतं. आणि सांगणारा खरं सांगतो आहे याची खात्री त्यांना कागदावरूनच करून घ्यावी लागते. म्हणून अशा अहवालात तीन थरांची माहिती लागते आणि २००७ च्या कागदात तिन्ही थर होते.

पहिला थर पाहणीचा. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ११ राज्यांतल्या ५६५ गावांत केलेला अस्पृश्यतेचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला होता. त्यातले दोन आकडे इथे मुद्दाम देतो. ३७.८ टक्के गावांतल्या सरकारी शाळांत दलित मुलांना जेवताना वेगळं बसवलं जात होतं. २३.५ टक्के गावांत दलितांच्या घरी टपाल पोचवलं जात नव्हतं. दुसरा आकडा वाचून क्षणभर थांबायला हवं. पोस्टमन हा सरकारी नोकर. त्याच्या थैलीत दलित माणसाचं पत्र आहे, त्यावर पत्ता आहे, तिकीट आहे. तो गावात येतो आणि वस्तीपर्यंत जात नाही. इथे कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, पोलीस ठाण्यात नोंदवावं असं काही दिसत नाही. तरी राज्याचाच माणूस रोज भेदभाव करतो आहे. कायदे पुरेसे आहेत असं सरकार म्हणतं, तेव्हा त्याला याहून नेमका प्रश्न विचारणं कठीण.

दुसरा थर एकेका प्रकरणाचा. फिर्याद कुठल्या ठाण्यात दिली, कुठल्या तारखेला नोंदली गेली, ॲट्रॉसिटीची कलमं लावली की नाही, जबाब कुणी घेतले, वैद्यकीय तपासणी किती दिवसांनी झाली, चार्जशीट कधी गेली, साक्षीदार का फिरले. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना हे काम नवं नाही. गावात काही घडलं की चार-पाच जणांचं सत्यशोधन पथक जातं, लोकांशी बोलतं, ठाण्यात जातं आणि अहवाल काढतं. मराठवाड्यात नामांतराच्या काळापासून अशा अहवालांची परंपरा आहे. त्यातले पुष्कळसे भावनेने भरलेले असतात आणि तारखांच्या बाबतीत ढिले असतात, हे मात्र मोकळेपणाने सांगायला हवं. जिनिव्हात संतापाला किंमत नसते असं नाही, पण संतापाच्या खाली तारीख नसेल तर सदस्य ते पान उलटतो.

तिसरा थर सरकारी कबुलीचा, आणि तोच सगळ्यात भारी पडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे, अनुसूचित जाती आयोगाची निरीक्षणं, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००४ साली काढलेला अनुसूचित जातींवरच्या अत्याचारांबद्दलचा अहवाल. पोलीस गुन्हा नोंदवायला टाळतात हे परदेशी संस्थेने म्हटलं तर सरकार ते उडवून लावू शकतं. आपल्याच आयोगाने म्हटलेलं उडवणं जड जातं. सुनावणीच्या दोन महिने आधी, २७ डिसेंबर २००६ रोजी, दिल्लीतल्या दलित आणि अल्पसंख्याकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अस्पृश्यतेची तुलना थेट दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीशी केली होती. पर्यायी अहवालाने ते विधान उचलून धरलं. जिनिव्हातलं शिष्टमंडळ सांगत होतं की हा विषय या कराराचा नाही, आणि पंतप्रधानांनी दिल्लीत दिलेली उपमा त्याच करारातल्या सर्वांत मोठ्या गुन्ह्याची होती.

शुक्रवार ते सोमवार

सुनावणीची दोन सत्रं होती, २३ आणि २६ फेब्रुवारीला. मध्ये शनिवार-रविवार. समितीच्या पद्धतीप्रमाणे आधी देश आपलं निवेदन करतो, सदस्य प्रश्न विचारतात आणि पुढच्या सत्रात देश उत्तरं देतो. संघटनांना औपचारिक सत्रात प्रेक्षकांत बसता येतं, बोलता येत नाही. त्यांचं बोलणं सत्राबाहेरच्या अनौपचारिक बैठकीत, व्हरांड्यात, चहाच्या वेळी. तिथे मिळणारा वेळ मिनिटांत मोजायचा. एखाद्या सदस्याला पाच वाक्यांत सांगता आलं पाहिजे की अमुक प्रश्न विचारा, त्याचं उत्तर सरकार असं देईल आणि त्यावरचा पुढचा प्रश्न हा. ही तयारी वकिलाने साक्षीदाराच्या उलटतपासणीसाठी करावी तशी करावी लागते.

भारतासाठी देश-वृत्तांतकार, म्हणजे त्या देशाची तपासणी पुढे नेणारे समिती-सदस्य, म्हणून ग्रीसचे कायदेतज्ज्ञ लिनोस-अलेक्झांडर सिसिलियानोस होते. पुढे ते युरोपियन मानवाधिकार न्यायालयाचे अध्यक्ष झाले. सदस्यांनी जातीबद्दल प्रश्नांचा भडिमार केला: मैला वाहण्याची प्रथा, दलित स्त्रियांवरचे लैंगिक अत्याचार, शाळांतलं वेगळं बसवणं, ॲट्रॉसिटीच्या खटल्यांतलं निर्दोष सुटण्याचं प्रमाण. शिष्टमंडळाने आपली भूमिका सोडली नाही. जात आणि वंश वेगळे आहेत हे सांगायला समाजशास्त्राचे एक नामवंत प्राध्यापकही शिष्टमंडळात होते. अनुसूचित जातींविषयीची माहिती कराराच्या बंधनाचा भाग म्हणून देणार नाही, पण समितीला हवी असेल तर सौजन्य म्हणून देऊ, असा पवित्रा सरकारने घेतला.

शिष्टमंडळाच्या युक्तिवादात एक भाग असा होता की तो आपल्याला, विशेषतः आंबेडकरी चळवळीत वाढलेल्यांना, चटकन नाकारता येत नाही. जात म्हणजे वंश नव्हे हे बाबासाहेबांनीच ठामपणे मांडलं आहे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच वंशाचे, हे त्यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. ते बरोबरच आहे. पण कराराच्या व्याख्येत वंशाबरोबर कूळ हे वेगळं कारण दिलेलं आहे, आणि जन्मावरून माणसाची पायरी ठरवणं हे त्याच्यात बसतं. जात वंश नाही हे मान्य करूनही ती कराराच्या कक्षेत येते. पर्यायी अहवाल लिहिणाऱ्यांनी ‘जात म्हणजे वंशच’ असा सोपा दावा केला असता तर ते त्या प्राध्यापकांच्या एका व्याख्यानात निरुत्तर झाले असते. त्यांनी तसं केलं नाही, हा त्यांच्या तयारीचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

लक्तरं वेशीवर?

अशा कामावर आपल्याकडे एक आरोप हमखास होतो: घरची लक्तरं वेशीवर टांगता. २००७ मध्ये तो झाला, दरबानच्या वेळी त्याहून जोरात झाला. महाराष्ट्रात तरी या आरोपाला उत्तर देताना अडखळायचं कारण नाही. १९१९ च्या जानेवारीत बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराविषयी साक्ष दिली. १९२८ साली सायमन कमिशनवर देशभर बहिष्कार होता. तेव्हा बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने २९ मे रोजी निवेदन तयार झालं आणि ऑक्टोबरात पुण्यात साक्ष झाली. या दोन्ही ठिकाणी ‘देशाचं’ म्हणणं मांडणारे दुसरे होते, आणि त्यांच्या म्हणण्यात आपलं दुःख नाही म्हणून वेगळं निवेदन द्यावं लागलं. आज ज्याला शॅडो रिपोर्ट, म्हणजे पर्यायी अहवाल, म्हणतात त्याचा गाभा हाच आहे.

१९४६ चा एक दुवा तर थेट संयुक्त राष्ट्रांशी आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचून बाबासाहेबांनी तिथल्या कृष्णवर्णीयांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. भारतातले अस्पृश्यही असंच पाऊल टाकण्याच्या विचारात आहेत, त्या अर्जाची प्रत मिळाली तर बरं, असा त्याचा आशय. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. अस्पृश्यांचा तो अर्ज त्या वेळी गेला नाही. साठ वर्षांनी जिनिव्हात जे घडलं त्याची कल्पना मात्र आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. ती बाहेरून आणलेली नाही.

निष्कर्ष आणि भंडाऱ्याचं न्यायालय

समितीने निरीक्षणांत पहिल्यांदा कक्षेचा वाद मिटवला: जातीवरून होणारा भेदभाव पहिल्या कलमात पूर्णपणे येतो, असं पुन्हा एकदा ठासून सांगितलं आणि पुढच्या अहवालात अनुसूचित जातींची माहिती मागितली. मग एकेक विषय. पोलीस तक्रारी नीट नोंदवत नाहीत, तपास करत नाहीत, ॲट्रॉसिटीचे खटले साचले आहेत आणि शिक्षेचं प्रमाण कमी आहे. दलित स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचारांत गुन्हेगार सुटतात. देवदासी प्रथा अजून आहे. मैला वाहण्याची प्रथा बंद करा. इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा नाकारला जातो. आणि भटक्या-विमुक्तांबद्दल: १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला शिक्का सराईत गुन्हेगार कायद्याच्या रूपाने टिकून आहे, तो कायदा रद्द करा आणि त्यांचं पुनर्वसन करा.

या सुनावणीच्या पाच महिने आधी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी घडलं होतं. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. पहिले कित्येक दिवस मोठ्या वृत्तपत्रांत त्याची धड बातमी नव्हती. नोव्हेंबरात विदर्भ पेटला तेव्हा राज्याचं लक्ष गेलं. तपास पुढे सीबीआयकडे गेला. २००८ च्या सप्टेंबरात भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, त्यातल्या सहांना फाशी सुनावली. पण ॲट्रॉसिटी कायद्याखालचा आरोप सिद्ध झाला असं मानलं नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या कारावासावर आणली. खुनांमागे सूड आहे, जातीचा हेतू नाही, असा सूर राहिला.

जिनिव्हातला युक्तिवाद आणि भंडाऱ्यातला निकाल यांचा कायद्याच्या दृष्टीने एकमेकांशी संबंध नाही. तरी दोन्ही ठिकाणी अत्याचार मान्य झाला आणि त्यातली जात बाजूला काढली गेली. समितीने तक्रारी नीट नोंदवल्या जात नाहीत या गोष्टीवर बोट ठेवलं होतं, त्याचं महत्त्व खैरलांजीचा निकाल वाचताना कळतं. कलम लागलं नाही तर आकडेवारीत ती घटना जातीय अत्याचार म्हणून मोजली जात नाही, आणि मग सरकारच्या पुढच्या अहवालात ती येतही नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर वगळलेली जात शेवटी जिनिव्हापर्यंत वगळलेलीच राहते. तिला मध्येच पकडणारी यंत्रणा म्हणजे गावात जाऊन नोंद करणाऱ्या संघटना.

पुढे काय झालं

पुढचा अहवाल ४ जानेवारी २०१० पर्यंत द्यायचा होता. ती मुदत उलटून दीड दशक होऊन गेलं, या समितीपुढे भारताची पुढची सुनावणी झालेली नाही. या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी कमजोरी हीच. समितीकडे वॉरंट नाही, दंड नाही. सहसा देशाने अहवाल दिला तरच सुनावणी. तो दिला नाही तर पर्यायी अहवालाला शेजारी ठेवायला कागदच नाही. २००७ च्या सुनावणीत संघटनांची सरशी झाली असं म्हणणाऱ्यांनी ही पुढची पंधरा वर्षंही त्याच हिशेबात धरायला हवीत.

दुसरा अडसर दाराशीच होता. संयुक्त राष्ट्रांच्या पुष्कळ बैठकांत बसायला आर्थिक आणि सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा लागतो. ‘इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क’चा अर्ज सुमारे पंधरा वर्षं लांबवला गेला. दर बैठकीत भारताकडून नवे लेखी प्रश्न यायचे. त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. एका प्रश्नाचं उत्तर दिलं की पुढच्या बैठकीपर्यंत अर्ज तहकूब. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात परिषदेतच मतदान झालं आणि दर्जा मिळाला. त्या यादीत याहून अधिक काळ रखडलेला दुसरा अर्ज नव्हता. देशाच्या आत परकीय देणग्यांच्या कायद्याचा फास आवळत गेला. मार्टिन मॅकवान यांनी गुजरातेत उभ्या केलेल्या ‘नवसर्जन’चा त्या कायद्याखालचा परवाना २०१६ च्या अखेरीस रद्द झाला आणि दलितांच्या प्रकरणांची गावोगाव नोंद ठेवणाऱ्या कित्येक कार्यकर्त्यांचं पगारी काम संपलं. जिनिव्हातला कागद ज्या मुळावर उभा असतो, ते मूळ असं सुकतं.

एक वाट मात्र उघडी राहिली. मानवाधिकार परिषदेची सार्वत्रिक नियतकालिक तपासणी २००८ पासून सुरू झाली. ती सर्व देशांना लागू आहे आणि तिच्यात अहवाल थकवून सुटता येत नाही. भारत २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ असा चार वेळा तिच्यापुढे उभा राहिला. इथे प्रश्न विचारतात ते इतर देश, तज्ज्ञ नव्हेत; त्यामुळे राजनैतिक मैत्री आड येते आणि शिफारशी गुळमुळीत होतात. संघटनांनी पाठवलेल्या सगळ्या माहितीचा गोषवारा दहा पानांत बसवतात. एकट्या संस्थेला २८१५ शब्द, संयुक्त निवेदनाला ५६३०. तरीही चारही वेळा जातीचा विषय तिथे गेला. २०२४ च्या जुलैमध्ये नागरी आणि राजकीय हक्कांच्या समितीपुढे भारताची सुनावणी झाली, १९९७ नंतर पहिल्यांदा. त्या समितीच्या निष्कर्षांतही जातीय भेदभाव आहे.

देशात या काळात जे कायदे बदलले, त्यांचं श्रेय जिनिव्हाला देण्याची घाई करू नये. मैला वाहण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि त्यावरचा मार्च २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमागे सफाई कर्मचारी आंदोलनाची दहा वर्षांची न्यायालयीन लढाई आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ ला झालेल्या दुरुस्तीमागे देशभरच्या दलित संघटनांची एकजूट आहे. तीच माणसं, तीच प्रकरणांची बाडं दोन्हीकडे वापरत होती, इतकं खात्रीने सांगता येतं. जिनिव्हासाठी तारीखवार लावलेली फाइल दिल्लीच्या न्यायालयातही चालली. या कामाचा हा फायदा मला शिफारशींपेक्षा पक्का वाटतो.

भटक्या-विमुक्तांचा मुद्दा याच दृष्टीने पाहावा. २००७ च्या शिफारशीनंतर सराईत गुन्हेगार कायदा देशभरातून गेला नाही. पारध्यांची तरुण मुलं चोरी झाली की आधी उचलली जातात, हे बीड-नगरकडे कुणालाही विचारावं. पण ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगाच्या नियमपुस्तिकांमधली जातीवरून कामं वाटणारी कलमं घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींना जन्मतःच सराईत मानणाऱ्या तरतुदींवर कडक शब्द वापरले. या याचिकेची सुरुवात तुरुंगांचे नियम मिळवून, ओळीओळीने वाचून, राज्यवार मांडण्यापासून झाली होती.

तालुक्यात काम करणाऱ्या संघटनेला यातून उद्यापासून करता येण्यासारखं काम आहे, आणि त्याला परदेशी निधी लागत नाही. प्रत्येक प्रकरणाची एक फाइल: फिर्यादीची प्रत, न नोंदवलेल्या फिर्यादीच्या अर्जाची पोच, लावलेली आणि वगळलेली कलमं, माहिती अधिकारात मिळालेली उत्तरं, जिल्हा दक्षता समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. ही समिती ॲट्रॉसिटीच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तीन महिन्यांतून एकदा बसायला हवी. ती किती वेळा बसली हा आकडा सरकारी कागदातूनच मिळतो आणि मागितला तर द्यावा लागतो. पीडित कुटुंबाची संमती घेतल्याशिवाय नाव बाहेर द्यायचं नाही, हे फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावं, कारण सुनावणीनंतर समितीचे आणि सरकारचे लोक आपापल्या घरी जातात आणि कुटुंबाला त्याच गावात राहायचं असतं.